पहिला घाणा

५ एप्रिल, रविवार. पहाटे पाच.

हजर: मी. कोपऱ्यावरच्या मावशी. शेजारच्या दारातली धाकटी जाऊ. समोरच्या दोन खोल्यांत दिवाळीनंतर राहायला आलेली नवी सूनबाई, माहेर झरीचं. आणि आमचे हे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हातात धरून.

गैरहजर: गल्लीतली बाकीची चार घरं. दोन लग्नाला गावी गेलेली, दोन "पहाटे पाचला नको गं बाई" म्हणालेली.

या चार माणसांसमोर मला एक पातेलंभर चीक हाटून दाखवायचा होता. हाटला तर कुरडयांचा माझा रविवार माझ्याकडे राहणार होता. नाही हाटला तर जाणार होता.

मानवतच्या आमच्या गल्लीत सात घरं कुरडया मिळून करतात. शिवरात्र झाली की रविवार वाटून घ्यायचे, एका घराला एक. ज्या घराचा रविवार, त्या घरानं तीन दिवस आधी गहू भिजत घालायचे, दळून चीक काढायचा, भांडी आणि कापडं तयार ठेवायची. बाकीच्या बायका मदतीला येतात, सोऱ्या दाबतात, गच्चीवर कुरडया घालतात, गरम चीक तेल-तिखट घालून खातात आणि एकमेकींच्या सुनांची माहिती घेतात. नियम एकच आहे, आणि तो मावशींच्या सासूच्या काळापासून चालत आलाय: पहिला घाणा ज्या घरचा, त्या घरच्या बाईनं हाटायचा. उकळत्या पाण्यात चीक ओतला की तो बघता बघता घट्ट होतो. हात थांबला की गाठी. वीस मिनिटं न थांबता लाकडी दांडा फिरवायला जी उभी राहते, तिच्या घरच्या कुरडया. बाकीचं काम कुणीही करा.

मी शाळेत लिपिक आहे. याद्या करणं माझं काम आहे, आणि घरी आल्यावर तीच माझी सवयही. मला ल्युपस आहे हे सहा वर्षांपूर्वी कळलं, त्या संध्याकाळीही मी आधी वहीच उघडली. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. ते मी एका ओळीत लिहिलं आणि खाली गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. रडायचं राहून गेलं. ते पुढे आठवड्याभरानं, शाळेत हजेरीपट आखताना, काही कारण नसताना आलं.

आज माझे डॉक्टर तीन आहेत. ल्युपसच्या डॉक्टर म्हणतात, ऊन टाळा. हाडांचे डॉक्टर म्हणतात, हाडं ठिसूळ झालीत, सकाळचं ऊन घ्या. छातीचे डॉक्टर म्हणतात, बाहेर मोकळ्या हवेत रोज चाला. आणि मानवतची मोकळी हवा कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या कणांनी भरलेली असते. सुरुवातीला मी प्रत्येकाचं ऐकून हैराण झाले. मग वहीत तीन रकाने आखले, तिघांचं तीन रकान्यांत लिहिलं आणि चौथ्या रकान्याला नाव दिलं, "मग करायचं काय". परभणीला तपासणीला जाताना तीच वही तिघांसमोर ठेवली. ल्युपसच्या डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. उन्हाऐवजी गोळी ठरली. चालणं पहाटे, तोंडाला मास्क. चौथा रकाना भरत गेला तसं माझं घर पुन्हा चालायला लागलं.

पण कुरडयांचा रविवार त्या रकान्यात काही केल्या बसत नव्हता. चुलीचा धूर छातीला चालत नाही, गच्चीवरचं ऊन ल्युपसला चालत नाही, दांडा मनगटाला चालत नाही. एकाच कामात तिन्ही डॉक्टर आडवे.

यातला पहिला धडा मी तीन वर्षांपूर्वी घेतला. तेव्हा छातीचं काही नव्हतं, हातही धड होता. गच्चीवर ऊन लागू नये म्हणून मी मोठी काळी छत्री घेतली, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला, तोंडाला मलम फासलं आणि अकरा वाजेपर्यंत ऐटीत कुरडया घालत बसले. गच्चीभर पांढरी धोतरं अंथरलेली. छत्री वरचं ऊन अडवत होती. खालून, त्या पांढऱ्या धोतरांवरून, तेच ऊन उलटून माझ्या तोंडावर येत होतं. ते मला सुचलंच नाही. तिसऱ्या दिवशी गालांवर लाल चट्टे, दहाव्या दिवशी ताप, आणि मग श्वास घेताना बरगडीत सुरी खुपसल्यासारखं. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. ते काढलं, औषध वाढवलं, पण फुप्फुसं पूर्वीसारखी फुलेनात. पुढच्या वर्षीच्या वाटणीत माझा रविवार कोरा राहिला.

गेल्या वर्षी मी हट्टानं नाव घातलं होतं. फेब्रुवारीत परभणीहून तपासणी करून येताना मानवतच्या स्टँडवर बसच्या पायरीवरून पाय सुटला. उजवा हात टेकला तो मोडलाच. मनगटात पट्टी आणि स्क्रू घातले. दुसऱ्यांदा रविवार कोरा.

दोन्ही वर्षी कुरडया घरी आल्या. साही घरांनी डबे भरून पाठवले. चांगल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, तळल्या की ताटभर फुलायच्या. पण डबा देताना आवाज खाली जायचा. "खा बाई, तुला कुठं जमायलंय आता." मला कुरडयांची ददात नव्हती. दुकानात पाकिटंही मिळतात. मला माझं नाव त्या वाटणीत हवं होतं.

या वर्षी शिवरात्रीनंतर मावशी स्वतः घरी आल्या. मावशी सत्तरीच्या. गल्लीत त्यांचा शब्द चालतो, कारण त्या तो क्वचित वापरतात. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "यंदा तुझा रविवार त्या झरीच्या पोरीला देऊन टाकू म्हणते. तिला बी नोकरी हाय, रविवारच मोकळा. तुला कुरडया आमी देतोच की."

"मावशी, माझा रविवार मला ठेवा."

"अगं, पण हाटणार कोण? तुझ्या हातात लोखंड हाय."

"मी हाटणार."

"आन् धूर? चुलीम्होरं बसली की खोकून खोकून बेजार होतीस."

"गॅसवर करीन."

"गॅसवरचा चीक!" मावशींनी कप खाली ठेवला. "मग दुकानातूनच आण की. पाकिटावर तुझं नाव लिहून देते."

मी वही काढली. मावशींना वहीचा राग आहे. त्यांच्या मते लिहून ठेवतो त्याला काही लक्षात राहत नाही. तरी मी वाचून दाखवलं. नियम पहिला घाणा कुणी हाटायचा याचा आहे. चूल की गॅस, याचा नियम नाही. मावशी वहीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"लय कायद्याची हायेस. बरं. पैला घाणा पुरा तू हाटायचा. पुरा म्हणजे पुरा, अडीच किलो गव्हाचा. मधी दुसरीच्या हातात दांडा गेला, तर रविवार तिचा. पुढच्या वर्षीपासून मागायचा बी न्हाई."

"कबूल," मी म्हणाले. त्या गेल्यावर हे म्हणाले, "कबूल करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं होतंस." यांचं बरोबर होतं. ते मी यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं.

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुरडया विकत मिळत नाहीत का?"

"मिळतात."

त्यांनी पेन उचललं. "किती मिनिटं हलवावं लागतं?"

त्यांनी घातलेल्या अटी अशा: धूर अजिबात नको, खिडकी उघडी, बोटावर ऑक्सिमीटर, आकडा ब्याण्णवच्या खाली गेला की जागच्या जागी थांबायचं. मनगटाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दांडा कसा धरायचा ते दाखवलं. मनगटातून फिरवायचा नाही. डावा हात वर, उजवा नुसता आधाराला, आणि जोर कमरेतून. "जात्यावर बसल्यासारखं, पण उभ्यानं," त्या म्हणाल्या. त्या तिशीतल्या. जातं त्यांनी पाहिलं तरी असेल का, कोण जाणे, पण सांगितलं अचूक.

सरावाला मी पिठलं निवडलं. पिठलंही घट्ट होत जातं आणि गाठी धरतं. पहिल्या आठवड्यात दोन माणसांचं, दुसऱ्या आठवड्यात चार माणसांचं, असं वाढवत नेलं. घरात माणसं दोनच. उरलेलं जाऊच्या घरी, मग शेजारी.

चौथ्या आठवड्यात हे ताटावर बसून म्हणाले, "आज काय?"

"बघा की."

"बघायचं काय त्यात. महिनाभर पिवळंच दिसायलंय मला सगळं."

जाऊच्या लेकरांनी तर मला पिठलंकाकू नाव ठेवलं. पण पाचव्या आठवड्यात आठ माणसांचं पिठलं मी अठरा मिनिटं न थांबता हाटलं. आकडा चौऱ्याण्णव. एकही गाठ नाही. वहीत मी त्या दिवशी दोनदा बरोबरची खूण केली.

धोतरांचा प्रश्न वेगळा सोडवला. गडद रंगाची पाच जुनी लुगडी काढली, हिरवी आणि जांभळी. रंग कुरडईला लागू नये म्हणून प्रत्येक पाच वेळा धुतलं आणि ओला पांढरा रुमाल घासून तपासलं. एका जांभळ्यानं रंग सोडला, ते बाद. उरलेल्या चार लुगड्यांवरून ऊन उलटून येत नाही, हे मी दुपारी खिडकीतून पाहून घेतलं. गच्चीच्या पूर्वेला शेतातल्या शेडची हिरवी जाळी ह्यांनी बांधली. आणि वेळ ठरवली: पाचला सुरुवात, सव्वासातला मी खाली.

आता पुन्हा त्या रविवारी.

गॅसची मोठी शेगडी मागच्या पडवीत मांडलेली. पाणी उकळलं. जाऊ चिकाचं भांडं घेऊन उभी होती. मी तिला सांगितलं, धार बोटाएवढी, घाई करायची नाही. मावशी पाटावर, दांड्यापासून हातभर अंतरावर. झरीची सूनबाई दाराला टेकून. तिचं मन मला कळत नव्हतं. मी हरले तर रविवार तिचा होता, आणि तिनंच माझ्याकरता अर्धा तास आधी येऊन भांडी घासली होती.

"सोड," मी जाऊला म्हणाले.

पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही. चीक दुधासारखा, दांडा सहज फिरत होता. सातव्या मिनिटाला तो जड झाला. पिठलं जड होतं ते असं नाही, पिठलं नमतं. चीक धरून ठेवतो. मनगटातला स्क्रू कुठे आहे ते मला नेमकं कळायला लागलं.

"पंच्याण्णव," हे माझ्या बोटावरचा आकडा वाचून म्हणाले. दोन मिनिटांनी, "चौऱ्याण्णव." मग, "त्र्याण्णव."

"अहो, क्रिकेट सांगायलाव का?" जाऊ म्हणाली. "आकडा मनात ठेवा की जरा."

हसू आलं आणि त्यानंच माझा श्वास चुकला. खोकला आला. दांडा क्षणभर मंदावला आणि पातेल्याच्या कडेला एक गाठ धरली. मला दिसली. मावशींना माझ्या आधी दिसली असणार.

"दे इकडं," मावशी म्हणाल्या. हात पुढे. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"नाही."

"पोरी, तोंड बघ तुझं. दे म्हणते."

मी डोळे पातेल्यावर ठेवले. ओठ आवळून लांब श्वास सोडला, छातीच्या डॉक्टरांनी शिकवलाय तसा, शिट्टी वाजवल्यासारखा. एक. दोन. उजवा हात जवळजवळ सोडूनच दिला, डाव्या हातानं दांडा वरून धरला आणि पाय फाकवून सगळं अंग फिरवायला लागले. दिसायला वाईट दिसत असणार. पण दांडा फिरला. गाठ दोन फेऱ्यांत विरली. जाऊला म्हणाले, "धार थांबव. आता सोड. बारीक." तिसऱ्या श्वासाला खोकला गेला.

"त्र्याण्णव," हे पुटपुटले. "त्र्याण्णवच. चौऱ्याण्णव."

चीक बुडबुडे सोडायला लागला. पांढरा रंग जाऊन चकाकी आली, काचेसारखी. विसाव्या मिनिटाला मावशींनी बोट पाण्यात बुडवून चिकाला लावलं. बोटाला काही चिकटलं नाही.

"झाला," त्या म्हणाल्या.

मी दांडा सोडला आणि जमिनीवरच बसले. जाऊनं माझी पाठ चोळली. झरीची पाणी घेऊन आली. मावशींनी चिकाचा एक घास काढून फुंकला, तोंडात टाकला आणि थांबल्या. पुन्हा चाखला.

"मीठ कुठं हाय गं?"

मी वहीकडे पाहिलं. ओळ नववी, मीठ, पुढे बरोबरची ठळक खूण. शेगडीशेजारी मिठाची वाटी होती. भरलेली. काढून ठेवल्यावरच मी खूण केली होती.

"यादीत टाकलं," मावशी म्हणाल्या, "पातेल्यात न्हाई टाकलं." आणि मावशी हसल्या. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं; पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. मग जाऊ, मग हे, मग झरीची, जिला हसावं की नाही हे ठरवता येत नव्हतं. शेवटी मी.

"मावशी, घाणा बाद का?" मी विचारलं.

"बाद कामून? हाटायचा म्हणले होते, चाखायचा न्हाई. तुला तसं बी डॉक्टरनं मीठ कमी सांगितलंय न्हवं? मग ह्या तुझ्याच. रविवार बी तुझाच." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चला, गार होईल. आन् दुसऱ्या घाण्याचं मीठ मी टाकते. हिनं वहीत टाकायचं."

सोऱ्या माझ्या यादीत नव्हताच. तो मनगटाचा नाही हे मला मान्य आहे. तो झरीच्या सूनबाईनं घेतला. हिरव्या लुगड्यावर ती झरझर वेटोळी घालत गेली, एकसारखी, मध्ये न तुटता. मावशींनी दोनदा मागे वळून पाहिलं. अळणी कुरडया हिरव्यावर, मिठाच्या जांभळ्यावर, म्हणजे पुढे घोटाळा नको. दुसरा घाणा जाऊनं हाटला. सव्वासातला ऊन जाळीच्या वर चढलं तेव्हा मी जिन्यात होते.

खाली चहा झाला. मावशींनी वही ओढून माझ्यापुढे ठेवली. "पुढच्या वर्षीची वाटणी आताच लिही. पुन्हा कटकट नको."

मी सात ओळी आखल्या. सात घरं लिहिली. माझं नाव पाचव्या ओळीवर, माझ्याच अक्षरात. उजवा हात दुखत होता तरी त्यानंच लिहिलं.

झरीची नळावर सोऱ्या धुवत होती. धुता धुता तिनं विचारलं, "काकू, आमचा कधी?"

मी पान पाहिलं. यंदाचे उरलेले तीन रविवार भरलेले. त्यानंतर वावटळी सुरू होतात, गच्चीवर धूळ. पुढच्या वर्षीही सात घरं, सात रविवार. मी माझा राखला होता आणि तिला एकही उरला नव्हता.

"आता बघ तूच," मावशी म्हणाल्या. "यादीवाली तूच हायेस."

मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मला जे दिसलं ते इतकं सोपं होतं की आधी का दिसलं नाही याचा राग आला. सात वाजून चाळीस मिनिटं. दोन घाणे झालेले, कुरडया वर वाळत पडलेल्या. माझ्या उन्हापायी आम्ही सव्वासातला मोकळ्या होतो. शाळा दहाला. तिचीही नोकरी दहालाच. मग रविवारच कशाला पाहिजे? पहाटे पाचला सुरू केलं तर मंगळवारही चालेल, गुरुवारही चालेल.

मी तसं म्हणाले. जाऊ आधी "अगं बाई" म्हणाली, मग "मी येते" म्हणाली. मावशी म्हणाल्या, "मला काय, मी चारलाच जागी असते. पण गॅसवर, न्हाई का?"

"गॅसवर."

"बघा बाई," त्या म्हणाल्या, आणि नाही म्हणाल्या नाहीत.

मी आठवी ओळ आखून तिचं नाव लिहिलं. नावापुढे वार लिहायचा आहे. त्याआधी पहाटे पाचला नको म्हणणाऱ्या दोघींकडे जायचंय, लग्नाहून परतलेल्या दोघींना गाठायचंय. आज बुधवार. एकही दार अजून वाजवलेलं नाही.